पुठ्ठ्यातली विक्रांत

(खऱ्या वस्तूची लहान प्रतिकृती म्हणजे नमुना. चांगला नमुना बनवण्यासाठी हातांचे कौशल्य लागते, गणित लागते आणि आणखीही एक गोष्ट लागते. ती कोणती, हे लेखकाने आपल्या शाळेतील एका अनुभवाच्या आधारे या पाठात सांगितले आहे. विमानवाहू युद्धनौकेचा नमुना कसा तयार करतात, याची माहितीही या पाठातून मिळते.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या बाकावर विमानवाहू युद्धनौका ठेवता येईल का? खरी नौका अर्थातच ठेवता येणार नाही. पण तिचा नमुना ठेवता येईल. 'नमुना', 'कागद', 'जहाज' हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. आज आपण कागद, पुठ्ठा आणि डिंक घेऊन एका मोठ्या जहाजाचा नमुना तयार करणार आहोत.

कोणत्या जहाजाचा? आपण 'आयएनएस विक्रांत' ही नौका निवडू. ही भारताची पहिली विमानवाहू नौका. तिची बांधणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. युद्ध संपले आणि ती अर्धवटच राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली. बेलफास्ट येथे तिचे काम पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबई बंदरात आली. १९७१ च्या युद्धात ती बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरून उडालेल्या 'सी हॉक' आणि 'अलिझे' या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले केले. त्या वेळी तिच्या चार बॉयलरपैकी एक नादुरुस्त होता, तरीही तिने आपले काम पार पाडले.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत नौदलातून निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. नौदल अधूनमधून ती लोकांसाठी खुली करत असे. मी शाळेत असताना एकदा तिच्यावर गेलो होतो. तिच्या सपाट, लांबरुंद छतावर उभे राहिल्यावर मला वाटले, की हे तर क्रिकेटचे मैदान आहे! पण समुद्राचे खारे पाणी लोखंडाला सोडत नाही. नौका जुनी झाली, धोकादायक झाली. २०१२ साली ती लोकांसाठी बंद झाली. तिला वाचवण्यासाठी काही लोक न्यायालयातही गेले, परंतु उपयोग झाला नाही. २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात ती तोडण्यात आली.

म्हणजे आता ती नौका पाहायची असेल, तर जाणार कोठे? छायाचित्रांत आणि नमुन्यांत. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिचे महत्त्व तुम्हांला पाठाच्या शेवटी कळेल.

पहिली पायरी : प्रमाण ठरवणे

नकाशात मोठा जिल्हा एका पानावर मावतो. कसा? प्रत्येक अंतर एकाच हिशोबाने लहान केलेले असते म्हणून. उर्दूत ज्याला तुम्ही 'पैमाना' म्हणता, त्यालाच मराठीत 'प्रमाण' म्हणतात. नमुन्यातही तसेच असते. बाजारात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे जे जहाजांचे संच मिळतात, त्यांतील बरेचसे १:७०० किंवा १:३५० या प्रमाणात असतात. १:७०० म्हणजे खऱ्या जहाजावरचे ७०० सेंटिमीटर हे नमुन्यात १ सेंटिमीटर.

आपण हिशोबाला सोपे असे १:५०० हे प्रमाण घेऊ. म्हणजे १ सेंटिमीटर बरोबर ५ मीटर आणि १ मिलिमीटर बरोबर अर्धा मीटर. विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर होती. २१३ ला ५ ने भागा. आपला नमुना ४२.६ सेंटिमीटर लांब होईल. तिची जास्तीत जास्त रुंदी ३९ मीटर होती. म्हणजे नमुन्यात ७.८ सेंटिमीटर. सी हॉक विमान सुमारे १२ मीटर लांब असे. ते झाले २.४ सेंटिमीटर. आणि माणूस? पावणेदोन मीटर उंचीचा खलाशी आपल्या नमुन्यात साडेतीन मिलिमीटरचा होईल. तांदळाच्या दाण्याहूनही लहान!

एकदा प्रमाण ठरले, की ते मोडायचे नाही. विमान जरा मोठे केले तर छान दिसेल, तोफा जरा ठळक केल्या तर लोकांना दिसतील, असा मोह होतो. पण मग तो नमुना राहत नाही, खेळणे होते. प्रमाण पाळले की दोन जहाजांची खरी तुलनाही करता येते. २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. ती कोची येथे बांधलेली आहे. तिची लांबी सुमारे २६२ मीटर आहे. त्याच प्रमाणात तिचा नमुना केला तर तो ५२.४ सेंटिमीटरचा होईल. दोन्ही नमुने शेजारी ठेवले, की जुनी आणि नवी यांतला फरक एक शब्दही न बोलता समजतो.

येथे एक गंमत सांगतो. लांबी ५०० पट कमी झाली, म्हणून वजनही ५०० पट कमी होईल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही गोष्टी ५०० पट कमी होतात. म्हणून वजन ५०० × ५०० × ५००, म्हणजे साडेबारा कोटी पट कमी होते. पूर्ण भरलेली विक्रांत सुमारे १९,५०० टनांची होती. आपला नमुना पाण्यावर तिच्याइतकाच बुडून तरंगायचा असेल, तर त्याचे वजन फक्त १५६ ग्रॅमच्या आसपास हवे. एवढे तर एका मोठ्या पेरूचे असते!

दुसरी पायरी : मापे मिळवणे

लांबी-रुंदी पुस्तकात मिळते. पण धुराडे किती उंच, डोलकाठी कोठे, हे कसे कळणार? यासाठी नौकेचे अगदी बाजूने घेतलेले छायाचित्र शोधा. तिरपे छायाचित्र चालणार नाही, कारण त्यात जवळचे टोक मोठे आणि दूरचे टोक लहान दिसते. समजा, छायाचित्रात नौकेची लांबी २१.३ सेंटिमीटर भरली. म्हणजे त्यातला १ सेंटिमीटर हा खरा १० मीटर झाला. आता त्याच छायाचित्रात एखादा भाग २ सेंटिमीटर उंच असेल, तर तो खरोखर २० मीटर आहे आणि आपल्या नमुन्यात तो ४ सेंटिमीटर हवा. एका मापावरून सगळी मापे अशी काढता येतात. ती एका वहीत तक्ता करून लिहून ठेवा.

तिसरी पायरी : सांगाडा आणि अंग

आपण नौकेचा पाण्यावर दिसणारा भागच करणार आहोत. प्रथम जाड पुठ्ठ्याचा तळ कापा. पुढचे टोक निमुळते ठेवा. कोकणातले नावाडी या टोकाला 'नाळ' म्हणतात. तळावर मधोमध एक उभी पट्टी चिकटवा. हा झाला नौकेचा कणा. कण्याला काटकोनात, दर तीन सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या बसवा. या झाल्या फासळ्या. माशाचा काटा आठवा, म्हणजे रचना लगेच समजेल. खऱ्या नौकाही पूर्वीपासून अशाच कण्यावर आणि फासळ्यांवर उभ्या राहतात.

आता या सांगाड्यावर पातळ कार्डपेपरच्या पट्ट्या चिकटवायच्या. येथे एक काळजी घ्या. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावू नका. एक डावीकडे, मग एक उजवीकडे, अशा लावत जा. डिंक वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. एकच बाजू आधी लावली, तर सगळी नौका केळ्यासारखी वाकते. आमची पहिली नौका अशीच वाकली होती. पट्ट्या वाळल्यावर त्यांवर पातळ डिंकाचा हात द्या आणि बारीक पॉलिश पेपरने हळूच घासा. पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून आतून-बाहेरून डिंकाचा हा थर आवश्यक आहे. पुठ्ठा कापताना कटर वापराल तेव्हा पोलादी पट्टी धरा, बोटे पट्टीच्या मागे ठेवा आणि मोठ्या माणसांसमोरच हे काम करा.

चौथी पायरी : छत आणि मनोरा

विमानवाहू नौकेचे छत म्हणजे तिची धावपट्टी. विक्रांतचे छत डाव्या बाजूला तिरके बाहेर आलेले होते. उतरणारी विमाने या तिरक्या भागावर येत. एखादे विमान थांबले नाही, तरी ते पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता पुन्हा उडून जाई. छतावर आडव्या तारा ताणलेल्या असत. विमानाच्या शेपटीखालचा आकडा या तारेत अडकला, की विमान थोड्याच अंतरात थांबे. उडण्यासाठी छताच्या पुढच्या भागात वाफेच्या जोराने विमान फेकणारे यंत्र होते. त्याला कॅटापल्ट म्हणतात. नमुन्यात त्याची चीर टोकदार पेन्सिलीने ओढलेली एक रेघ पुरे. विमाने खालून वर आणणाऱ्या दोन मोठ्या लिफ्ट छतावर होत्या. त्यांचे चौकोन कटरच्या टोकाने अगदी हलके कोरा.

छताच्या उजव्या कडेला मनोऱ्यासारखी इमारत असते. कप्तानाची जागा, धुराडे, डोलकाठी आणि रडार हे सर्व तेथेच असते. हा भाग सर्वांत जास्त पाहिला जातो, म्हणून तो सावकाश करा. साहित्य घरातच मिळेल. डोलकाठीसाठी खराट्याचा हीर घ्या. रडारच्या जाळीसाठी चहाच्या जुन्या गाळणीचा तुकडा घ्या. तोफांच्या नळ्यांसाठी आणि तारांसाठी जुन्या विजेच्या वायरमधली तांब्याची बारीक तार घ्या.

बारीकसारीक गोष्टी किती दाखवायच्या, हा प्रश्न येतोच. छताच्या कडेचा कठडा घ्या. त्याची उंची मीटरभर धरली, तर नमुन्यात ती दोन मिलिमीटर होते. ती दाखवता येईल. पण त्याचा चार सेंटिमीटर जाडीचा दांडा नमुन्यात माणसाच्या केसाएवढा बारीक होतो. त्या जागी जाड दोरा लावला, तर तो कठडा न वाटता विजेचा खांब आडवा ठेवल्यासारखा वाटेल. म्हणून एक नियम पाळा. जे प्रमाणात करता येईल ते करा. जे करता येत नाही ते सोडून द्या. चुकीची गोष्ट असण्यापेक्षा ती नसलेली बरी.

पाचवी पायरी : रंग

नौदलाची जहाजे राखाडी असतात, कारण समुद्र आणि आकाश यांच्या मध्ये तो रंग पटकन नजरेत येत नाही. पण डबीतला गडद राखाडी रंग तसाच लावू नका. लांबच्या डोंगराचा रंग जवळच्या डोंगरापेक्षा फिका दिसतो ना? लहान नमुना म्हणजे लांबून पाहिलेले जहाज. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळा. छत अंगापेक्षा गडद ठेवा. रंग एकदम जाड न देता पातळ करून दोनतीन वेळा द्या.

रंग वाळला की नमुना स्वच्छ, पण निर्जीव दिसतो. त्यात जीव आणण्यासाठी दोन युक्त्या आहेत. काळपट रंगात भरपूर पाणी घालून तो कोपऱ्यांत आणि चिरांत सोडा. त्यामुळे सावली पडल्यासारखी दिसते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर थोडा फिका रंग घेऊन तो फक्त कडांवरून फिरवा. कडा उजळतात. नांगराच्या भोकाखाली गंजाची एक बारीक रेघ काढा. एकच पुरे! गंज जास्त झाला, तर नौदलाचे खलाशी नौका साफ करत नाहीत असे दिसेल.

आणि सर्वांत महत्त्वाची पायरी

मित्रांनो, ही पायरी खरे तर सर्वांत आधी यायला हवी होती. मी ती शेवटी का सांगतो आहे? कारण मला स्वतःला ती शेवटी कळली.

बी. एड. होऊन मी शिक्षक झालो, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. आठवीच्या सहा मुलामुलींनी दीड महिना खपून विक्रांतचा नमुना तयार केला. छतावर कार्डपेपरची आठ सी हॉक विमाने उभी केली. समोर सुंदर अक्षरांत पाटी लावली : 'आयएनएस विक्रांत, १९७१. प्रमाण १:५००.' नमुना इतका छान झाला होता, की पहिल्या दिवशी त्याच्यासमोरची गर्दी हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते.

संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. ते आपल्या नातवाला घेऊन आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ वाकून नमुना पाहिला. मग म्हणाले, "सर, काम फार सफाईचे आहे. मी नौदलाच्या गोदीत फिटर होतो. या जहाजाच्या दुरुस्तीला कितीतरी वेळा मी हात लावला आहे. पण माफ करा, हे जहाज एकाहत्तर सालचे नाही."

"का बरे?" मी विचारले.

त्यांनी नौकेच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवले. तेथे आम्ही छत वर चढत गेलेले दाखवले होते. "हा चढ तेव्हा नव्हता. तो फार नंतर बसवला."

मी घरी जाऊन पुस्तके पुन्हा काढली. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. सी हॉक विमाने जुनी झाल्यावर १९८० नंतरच्या काळात 'सी हॅरियर' ही विमाने आली. चढावरून धावत गेले, की हे विमान कॅटापल्टशिवाय उडू शके. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचे यंत्र काढून नौकेच्या पुढच्या टोकाला सुमारे पावणेदहा अंशांचा चढ बसवण्यात आला. मी मुलांना जे छायाचित्र दिले होते, ते त्यानंतरचे होते. चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी सकाळी वर्गात तसे स्पष्ट सांगितले.

एक मुलगा म्हणाला, "सर, पाटी बदलू या. १९७१ च्या ऐवजी १९९० लिहू."

लगेच एक मुलगी म्हणाली, "मग सी हॉकचे काय? ती तर १९९० मध्ये या नौकेवर नव्हती."

सगळे गप्प झाले. पाटी बदलली तर विमाने खोटी ठरत होती. पाटी तशीच ठेवली तर चढ खोटा ठरत होता. दोन वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे आम्ही एका नौकेवर जोडले होते. अशी नौका कधीच, एका दिवसासाठीसुद्धा, समुद्रावर नव्हती.

"परीक्षकांना हे कळणारही नाही," कोणीतरी हळूच म्हणाले.

तीच मुलगी म्हणाली, "पण सर, खरी विक्रांत तर तोडली. आता कोणी जाऊन खात्री करू शकणार नाही. आपण जे दाखवू, तेच लोक खरे मानतील."

मी काहीच बोललो नाही. बोलण्याची गरजही नव्हती. मुलांनी कटर मागितला. त्यांनी चढ कापून काढला आणि तेथे सपाट छत बसवले. रंग द्यायला वेळ उरला नाही. परीक्षक आले तेव्हा राखाडी नौकेचे पुढचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्याचे होते आणि डिंक अजून ओला होता. पाटीखाली मुलांनी एक ओळ वाढवली होती : 'पुढचा भाग काल चुकला होता. आज दुरुस्त केला. तोफांच्या जागा छायाचित्रावरून अंदाजाने घेतल्या आहेत.'

आम्हांला बक्षीस मिळाले नाही. काम अपुरे आहे, असा शेरा मिळाला. मुले थोडी हिरमुसली. पण दुपारी तेच वृद्ध गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी पाटी वाचली. मग नातवाला उचलून जवळ घेतले आणि नमुन्यावर बोट फिरवत ते त्याला सांगू लागले, "हे बघ, बेटा, येथे बॉयलरचा धूर निघायचा. आणि येथे, या पायऱ्यांशी, आम्ही डबा खायला बसायचो."

सहाही मुले आजूबाजूला उभी राहून ऐकत होती.

तर मित्रांनो, ही ती पायरी. कात्री हातात घेण्याआधी ठरवा, की आपण कोणत्या नौकेचा आणि तिच्या कोणत्या दिवसाचा नमुना करणार आहोत. जहाजही माणसासारखे बदलत जाते. त्याला नवी यंत्रे येतात, जुनी जातात, रंग बदलतो. नमुना मात्र त्याच्या आयुष्यातला एकच दिवस दाखवू शकतो. तो दिवस खरा असला पाहिजे. जे माहीत आहे ते करा, जे अंदाजाने केले ते पाटीवर लिहा आणि चूक कळली की ती कापून काढा, मग डिंक ओला राहिला तरी चालेल.

विक्रांतच्या काही पोलादापासून मुंबईत नौदलाच्या गोदीजवळ २०१६ साली एक स्मारक उभारले आहे. बाकीचे लोखंड वितळले आणि दुसऱ्या वस्तूंत मिसळून गेले. आमच्या शाळेच्या कपाटात मात्र पुठ्ठ्याची विक्रांत अजून उभी आहे. तिचे पुढचे टोक आम्ही नंतर रंगवले. पण नीट पाहिले, तर तेथे जोडाची एक बारीक रेघ दिसते. ती पॉलिश पेपरने घासून काढता आली असती. मुलांनी ती तशीच ठेवली.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब तशीच केलेली वस्तू
निमुळते – टोकाकडे अरुंद होत जाणारे
नाळ – नौकेचे पुढचे टोक
डोलकाठी – जहाजावरचा उंच उभा खांब
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी
हीर – खराट्याची काडी
कठडा – कडेला लावलेले आधाराचे कुंपण
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा
परीक्षक – गुण देणारा, पारख करणारा
हिरमुसणे – मनातून नाराज होणे
शेरा – तपासणाऱ्याने लिहिलेले मत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विक्रांत भारतीय नौदलात केव्हा दाखल झाली?
(आ) १:५०० या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे किती मीटर?
(इ) कार्डपेपरच्या पट्ट्या एकाच बाजूला आधी का लावू नयेत?
(ई) वृद्ध गृहस्थ पूर्वी कोठे काम करत होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) छायाचित्रावरून नमुन्याची मापे कशी काढतात?
(आ) फक्त पाटी बदलून मुलांची चूक का सुधारली नसती?
(इ) मुलांनी जोडाची रेघ तशीच का ठेवली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "काम फार सफाईचे आहे."
(आ) "आपण जे दाखवू, तेच लोक खरे मानतील."

प्र. ४. वाक्यात उपयोग करा : हिरमुसणे, खात्री करणे, ओल धरणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा : जाड, गडद, ओला, खरा, जुनी.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या इमारतीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. १:१०० हे प्रमाण घेऊन तिच्या नमुन्याची मापे तक्त्यात लिहा. नमुना कोणत्या वर्षाच्या इमारतीचा आहे, हे पाटीवर लिहायला विसरू नका.